निळ्या पडद्यावरचा डाग

हलूनकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं ओळखपत्राचे फोटो काढताना माणूस दर पाच मिनिटांनी "हलू नका" म्हणत असेल, तर पोरं त्याला दुसरं काय म्हणणार? 'हलू नका'ला 'काका' चिकटवला आणि झालं नाव. काकांना त्याचा राग नव्हता. राग होता तो वेगळ्याच गोष्टीचा. हजारो फोटो काढले, पण एकाखालीही त्यांचं नाव छापून आलं नव्हतं. ओळखपत्रावर फोटो काढणाऱ्याचं नाव कोण छापतो, डोंबल!

अशात पेपरात आलं की पहाटे पूर्वेला धूमकेतू दिसतोय. वाचकांनी फोटो पाठवावेत, शुक्रवारी दुपारपर्यंत. सर्वांत चांगला रविवारी छापू, नावासकट.

काकांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. बायको म्हणाली असती, हे काय म्हातारपणी खूळ. आणि दुकानात संगणकावर बसणाऱ्या धाकट्या भावानं गल्लीभर दवंडी पिटली असती. म्हणून रोज साडेचारला चोरासारखं उठायचं, दुकानाच्या गच्चीवर जायचं आणि तिपाई मांडायची. मंगळवारी धुकं. बुधवारी ढग. गुरुवारी ऐन वेळी खालून ट्रक गेला आणि सगळे फोटो हलले. आयुष्यभर लोकांना "हलू नका" सांगणाऱ्यावर ही वेळ!

शुक्रवारी आभाळ लख्ख होतं. उजाडायच्या जरा आधी तो दिसला. छोटासा, धुरकट, वर पिंजलेल्या कापसासारखी शेपटी. "आलास का रे बाबा," काका चक्क मोठ्यानं म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. बारा फोटो घेतले. त्यातला एक असा उतरला होता की काकांना स्वतःचाच हेवा वाटला. कॅमेरा नेहमीप्रमाणे दुकानातल्या टेबलावर ठेवून ते आंघोळीला घरी गेले. असा फोटो पारोशानं कसा पाठवायचा!

दहाला परत आले तर भाऊ खुशीत.

"दादा, नवा पडदा झकास आणलास हं!"

"कुठला पडदा?"

"अरे, फोटोमागे लावायचा निळा. वर गडद, खाली फिकट. एकच चांगला होता, तो ठेवला. बाकीचे उडवले. मधे शेपटीवाला डाग होता, लेन्स पुसत जा की जरा! आणि बारीक ठिपके तर किती. अर्धा तास गेला सगळं साफ करण्यात."

संगणकावर एक टकलू गृहस्थ काकांच्या पहाटेपुढे ताठ बसले होते.

"मूळचा कुठंय?" काकांनी विचारलं.

"त्याच्यावरच सेव्ह केला. डागवाल्याचं काय लोणचं घालायचंय? कॅमेऱ्यातलं कार्डही रिकामं करून सकाळची गिऱ्हाइकं उरकली, चौदा झाली."

सकाळी कार्डात जे असेल ते उतरवायचं, डाग दिसला की विचारत बसायचं नाही, काढायचा, आणि कार्ड पुसायचं. हा दंडक काकांनीच घालून दिला होता. मग ओरडणार कुणावर? आणि खरं सांगितलं तर हलूनकाकांच्या धूमकेतूचा किस्सा गल्ली दहा वर्षं चघळणार. काकांनी मनातल्या मनात भावाला नाही नाही ते ऐकवलं, तोंडानं म्हणाले, "बरं."

रविवारी पेपरात फोटो आला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं काढलेला, चांगलाच हललेला. खाली त्याचं नाव, ठळक. भावानं कौतुकानं तो कापून दुकानाच्या काचेवर चिकटवला.

सोमवारी फोटोसाठी बसलेल्या एका बाईंनी तिकडे बघून विचारलं, "तुम्ही काढलात का हो?"

काकांनी तोंड उघडेपर्यंत भाऊ हसत म्हणाला, "छे हो! आमच्या दादाला कुठलं असलं सुचायला? त्यासाठी पहाटे उठावं लागतं."

बाई हसल्या. आणि तीस वर्षांची सवय, गिऱ्हाईक हसलं म्हणून काकाही हसले. त्या हसण्यानं त्यांना स्वतःचीच इतकी किळस आली की कॅमेऱ्यातून बाईंचा चेहरा दिसेना.

"काढताय ना?" बाईंनी विचारलं.

"काढतो," काका म्हणाले.