शिळी प्रत पकडणारा

ऑफिसात त्याला शिळोबा म्हणत. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकणं हे त्याचं काम, आणि शिळी माहिती पकडण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एका चिपवर अनेक कोअर, म्हणजे गणित करणारे छोटे मेंदू, असतात. मेमरी लांब पडते म्हणून प्रत्येक कोअर लागणाऱ्या आकड्याची प्रत हाताशी, आपल्या कॅशे नावाच्या छोट्या कप्प्यात ठेवतो. एकानं आकडा बदलला की बाकीच्यांच्या प्रती शिळ्या होतात. त्यांना ते कळलं नाही तर ते खुशाल चुकीचं गणित करत बसतात. कोअर चारच होते तेव्हा बदल करणारा सगळ्यांना ओरडून सांगायचा. चौसष्ट झाल्यावर त्या आरडाओरड्यानंच चिप बेजार व्हायला लागली. मग चिपमध्येच एक नोंदवही आली: कुणाकडे कुठली प्रत आहे ते तिला ठाऊक, कळवायचं तेही तिनंच.

या वहीवर शिळोबाचा भारी जीव. इतका की पठ्ठ्यानं ती घरीही आणली. आईच्या आजारपणात डॉक्टरांनी एक गोळी थांबवली होती. धाकट्या भावाला ते कळलंच नाही आणि तो आठवडाभर ती देत राहिला. तेव्हा शिळोबानं फर्मान काढलं: डॉक्टरांशी ताई बोलेल, सगळ्यांना ताईच कळवेल, परस्पर कुणी कुणाला काही सांगायचं नाही. धाकट्यानं थट्टा केली, पण ऐकलं. गोंधळ खरोखरच थांबला आणि नियम पुढेही तसाच राहिला.

बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा नवी चिप पाठवायला चार दिवस उरले होते. सोमवारी सकाळी ताईचा फोन आला, बाबा बरे आहेत, शनिवारी सावकाश ये. शिळोबा निर्धास्त झाला. त्याच दुपारी बाबांची तब्येत ढासळली. औषधासाठी धावलेली ताई जिन्यावरून पडली, डोक्याला मार बसला, दोन दिवस शुद्धीवर नव्हती. धाकटा दोन मजल्यांवरच्या दोन खाटांमध्ये पळत राहिला. पडण्याआधी ताईनं दादाला कळवलं असणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. तरी दादा येत नाही, याचा त्याला मनस्वी राग आला.

इकडे ताईचा फोन नाही म्हणजे सगळं जैसे थे, असं शिळोबा धरून चालला होता. बुधवारी दुपारी धाकट्याचा फोन आला.

"बाबा गेले. आता तरी येशील का?"

तो पोचला तेव्हा धाकटा बाबांच्या खोलीबाहेर उभा होता. ताई पडल्याचंही शिळोबाला तिथंच कळलं.

"म्हणजे तुला काहीच माहीत नव्हतं?" धाकट्यानं विचारलं.

"सोमवारी सकाळनंतर ताईचा फोनच आला नाही," शिळोबा म्हणाला. धाकटा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

"बाबा सारखे विचारायचे रे, दादाला कळवलंय ना. मी म्हणायचो, हो बाबा, त्याला सगळं माहीत आहे."

शिळोबा आत गेला. नर्स चादर ओढत होती, तिला त्यानं थांबवलं. बाबांच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "बाबा, मला माहीत नव्हतं." मग पुन्हा तेच म्हणाला, जरा मोठ्यानं.