करेमाळ परदेशात गेलं, त्याची दुरुस्ती

वर्तमानपत्रातली गमतीची चौकट वाचून तुम्ही हसता, तेव्हा आपण नेमकं कुणाला हसतोय, हे स्वतःला कधी विचारलंय का?

आमच्या संपादकांना ते गेल्या उन्हाळ्यात एका बाईनं विचारलं. भर दुपारी, सांगलीच्या आमच्या ऑफिसात, आदल्या दिवशीचा आमचाच अंक त्यांच्या टेबलावर आपटून.

"ह्ये कुनी छापलंय?"

"का? आवडलं नाही का?" साहेबांनी विचारलं.

मी शेजारच्या टेबलावर मान खाली घालून प्रूफ तपासत राहिले. कारण त्या बाईला मी ओळखत होते, आणि या सगळ्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

मी या दैनिकात सब-एडिटर आहे. सब-एडिटर म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या कापणारा आणि त्याबद्दल शिव्या खाणारा माणूस. आमच्या पहिल्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात 'जगाची गंमत' नावाची चौकट असते. तिचा माल पूर्वी जुन्या मासिकांतून यायचा. आता इंटरनेटवरून येतो. आमचं इंटरनेट जाहिरात विभागातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर आहे आणि ते टेलिफोनच्या तारेवर चालतं. ते चालू असलं की फोन बंद, आणि फोन बंद म्हणजे जाहिराती बंद. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास एवढंच आमचं जग. त्या अर्ध्या तासात दोन तोंडांचं वासरू, झाडाशी लग्न लावणारा म्हातारा असं काय सापडेल ते उचलायचं.

ही चौकट शकीलभाई मुल्ला सांभाळतात. पंचवीस वर्षं छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवलेला माणूस. त्यांचा एक नियम आहे. परदेशी गावांची नावं धड उच्चारता येत नाहीत आणि एका कॉलमात मावतही नाहीत, म्हणून ती उडवायची. "एका परदेशी खेड्यात" एवढं लिहिलं की झालं. गंमत तर गंमत, ती कुठली याच्याशी वाचकाला काय करायचंय?

मार्चअखेर मी करेमाळला गेले होते. जतच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं गाव. चावडीपुढं रिकाम्या घागरींची रांग होती, आणि प्रत्येक घागरीच्या गळ्यात साखळी. सगळ्या साखळ्या मिळून एका खांबाला, आणि तिथं जागोजाग कुलपं. गावातली घरं मात्र सताड उघडी.

"रातच्याला घागर म्होरं ठिवली, तर सकाळच्याला मागं गेलेली असती," गंगव्वा म्हणाली. रांगेतली पहिली घागर तिची. "मग घातली साखळी."

"एवढ्या साखळ्या कुठून आणल्या?"

"गुरांच्या हायत. गुरं पाव्हण्यांकडं धाडली. साखळ्या रिकाम्याच की!"

टँकर आठ दिवस फिरकला नव्हता. तालुका कचेरीतल्या रजिस्टरात मात्र तो रोज येत होता, तोही भरून.

मी बातमी लिहिली. साहेबांनी ती चष्मा न लावताच परत केली.

"टँकर आला नाही, ही बातमी नाही. आला तर सांग."

"रजिस्टरात खोट्या नोंदी आहेत, साहेब!"

"मग त्यात नवीन काय?"

माझे वडील मिरजेत पत्रकं छापायचे. पाढ्यांच्या आधी मी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले. त्यामुळे गप्प बसणं मला नीट जमत नाही. दुसऱ्या दिवशी शकीलभाई नमाजाला गेले तेव्हा मी त्या अर्ध्या तासात कॉम्प्युटरवर बसले. जगभरच्या अजब बातम्या जमवणारी एक अमेरिकन साइट होती, वाचकांनी पाठवलेल्याही घ्यायची. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सगळं लिहून पाठवलं. गाव, तालुका, जिल्हा, टँकर, रजिस्टर, सगळं.

त्यांनी गावाचं नाव, घागरी, कुलपं आणि उघडी घरं तेवढी ठेवली. बाकी कापलं. शेवटी त्यांचेही सब-एडिटरच.

पंधरवड्यानं माझ्या सुट्टीच्या दिवशी ती बातमी त्या साइटवर शकीलभाईंना सापडली. गावाचं नाव इंग्रजीत होतं, पुढं ना तालुका, ना देश. नियमाप्रमाणे त्यांनी ते उडवलं. साहेब तर खूश. त्यांनी स्वतः मथळा दिला : 'घागरींना कुलूप, घरं उघडी! परदेशी खेड्याचा अजब कारभार'. खाली एक ओळही जोडली : 'आपण किती सुखी!'

आता परत त्या दुपारकडं.

"आवडलं न्हाई का, म्हंतासा?" गंगव्वा साहेबांना म्हणाली. "काल आमी पाचजणी टँकर मागायला कचेरीत गेलो. तिथला सायेब ह्योच पेपर वाचून हसत हुता. आमाला वाचून दावला. म्हनाला, बघा, भाईरच्या देशात लोकांचं काय हाल हायत, तुमचं त्यामानानं लय बरं हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

तिनं गळ्यातल्या दोऱ्यातली किल्ली काढून अंकावर ठेवली. "हीच त्याच्या म्होरं ठिवली. म्हनलं, सायेब, त्या कुलपाची किल्ली ही. परदेशातनं यस्टीनं आलीया."

शकीलभाई उठून आले आणि डोक्याला हात लावून उभे राहिले. "नेटवर आपल्या तालुक्याचं कायतरी येईल, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई हो, आक्का."

"त्यो सायेब म्हंतो, पेपरात तुमचं नाव कुठं हाय? रजिस्टरात तर टँकर चालू हाय." गंगव्वा खुर्ची ओढून बसली. "आमचं गाव तुमी परदेशात नेऊन घातलंसा. आता माघारी आना."

"ती बातमी मीच पाठवली होती, साहेब," मी म्हणाले. "नावासकट."

साहेब माझ्याकडं वळले. "नोकरी नकोशी झाली का?"

"बातमी चुकीची होती का?"

"दुरुस्ती देऊ," ते म्हणाले. "सहाव्या पानावर."

दुरुस्ती म्हणजे आदल्या दिवशीच्या चुकीची कबुली. आमच्या धंद्यात ती वधू-वरांच्या जाहिरातींखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापतात. ती कुणी वाचू नये, हाच तिचा उद्देश.

"जिथं चुकलं तिथंच छापा, साहेब," शकीलभाई म्हणाले. "माझं नाव घालून छापा हवं तर."

"पहिल्या पानावर? त्या समोरच्या पेपरवाल्यांना तेवढंच पाहिजे! आठवडाभर हसतील."

"समोरचा पेपर म्हंजी रस्त्यापल्याडचा न्हवं?" गंगव्वानं किल्ली उचलली. "तिथं जिना हाय काय हो? माझं गुडघं दुखत्यात."

साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, खाली डावीकडं, त्याच चौकटीत चार ओळी आल्या. परवाचं परदेशी खेडं म्हणजे जत तालुक्यातलं करेमाळ आहे. तिथं तीन आठवडे टँकर आलेला नाही. रजिस्टरात तो रोज आल्याची नोंद आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत. ही माझी मूळ बातमीच होती. फक्त शेवटची ओळ नवी.

तिसऱ्या दिवशी करेमाळला टँकर आला. त्यानंतर एक दिवसाआड येत राहिला. रजिस्टरवाल्या साहेबांचं काय झालं? काही नाही. माझं झालं. इंटरनेटचा अर्धा तास काढून घेतला आणि मला गुळाचे बाजारभाव दिले. ते मी चोख देते. शकीलभाई आता प्रत्येक चौकटीत गावाचं नाव घालतात, मग ते कॉलमाबाहेर लोंबलं तरी.

मी शिकले ते एवढंच : जे बातमी म्हणून छापत नाहीत, ते दुरुस्ती म्हणून छापून घेता येतं. मात्र त्यासाठी आधी ते चुकीचं छापून यावं लागतं.

आता तुमच्याकडं एक काम आहे. आजचा पेपर उघडा, मग तो आमचा असो की समोरच्यांचा. एखाद्या गमतीच्या बातमीत माणसं असतील आणि गाव नसेल, तर एक पोस्टकार्ड घ्या. त्यावर एवढंच लिहा : 'हे गाव कुठलं? नाव छापा.' आणि आजच पेटीत टाका.