नाटकाच्या पेटीतला फ्रॉक

“आ तो गरीब लागती ज नथी!”

ही तर गरीब वाटतच नाही, असं कॉलेजच्या मॅडम आमच्या दीपालीकडे बघून म्हणाल्या. एकदा समोरून बघितलं, खांदा धरून फिरवलं, मागून बघितलं. मंडईत भोपळासुद्धा लोक जरा मायेनं फिरवतात.

जागा म्हणजे सुरतेतलं आमचं बी.एड. कॉलेज, सभागृहामागची खोली. बाहेर माइकचं ‘हॅलो हॅलो’ चाललेलं. युनिव्हर्सिटीचा पुरस्कार होता, नेतृत्व आणि सेवेसाठी, शिक्षणशास्त्राच्या गुणी विद्यार्थ्यांना. आणि त्यातली एक गुणी विद्यार्थिनी म्हणजे साक्षात मी! चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी. वर्गातल्या पोरी मला मावशी म्हणायच्या. गोडादऱ्याच्या आमच्या वस्तीत बुद्धविहाराच्या ओट्यावर मी संध्याकाळी लूम कामगारांची पोरं शिकवायचे. ती म्हणे माझी सेवा. शेजारपाजारची पोरं, त्यात सेवा कसली?

पण विचारतंय कोण. नाव पुकारलं की स्टेजवर एक ‘लाभार्थी’ मूल सोबत आणायचं, असा हुकूम होता. ओट्यावरच्या पोरांतली मी दीपाली निवडली. पुरस्कार मिळाला की कॉलेजच्याच ट्रस्टच्या शाळेत नोकरी, हेही मॅडमनी कानात सांगितलेलं. मला नोकरी हवी होती. त्यासाठी मी मॅडमच्या विनोदांवर वर्षभर हसले होते, आणि त्यांचे विनोद म्हणजे शिक्षाच.

आमच्या वस्तीत कार्यक्रम म्हटला की नटायचं. घरात मीठ नसेल, पण पोर चुरगळलेल्या कपड्यात जाणार नाही. फाटकं घालून मोठ्या लोकांसमोर जाऊ नका, त्यांना तेच हवं असतं, हे आमच्या आईबापांनी शिकवलेलं. दीपालीची आई घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवायची. तिनं कटपीसचा फ्रॉक शिवला आणि उरलेल्या टिकल्या झाडून सगळ्या त्यावर लावल्या. पायात नवे पांढरे बूट. पोर रिक्षातून उतरली तेव्हा मी म्हटलं, बाई गं, आज सभागृहात दिवे लावायलाच नकोत!

आणि मॅडम म्हणाल्या, “बूट कढावी नाखो. स्टोरमां नाटकनी पेटी छे, एमांथी फ्रॉक लई लो.”

ती पेटी मला ठाऊक होती. गरिबीवरच्या पथनाट्याची. आतले फ्रॉक मुद्दाम फाडलेले, चहाच्या पाण्यात बुडवून मळवलेले.

“मॅडम, पोर नवे कपडे घालून आलीय.”

“तमे समजो ने, बेन. फोटामां सेवा देखावी जोईए.”

मी हसले. सवय. मागे वळले तर दीपालीची आई खाली बसून बुटाचा बंद सोडत होती. मोठ्या बाईनं सांगितलं ना, झालं. पोर पाय आखडून घेत होती.

“काढ ना व माय,” आई म्हणत होती, “मॅडम रागे भरतीन.”

माझं हसू तिथंच मेलं.

“बांध तो बंद,” मी म्हटलं. मग मॅडमना, मराठीतच, कारण त्या क्षणी गुजराती सुचेना: “ही अशीच येईल. नाहीतर आम्ही चाललो.”

“तो जाओ,” मॅडम म्हणाल्या. घड्याळ बघत. बस्स. मला वाटलं होतं, जरा तरी नाट्य होईल!

निघालो. माइकवर माझ्या जागी दुसऱ्या पोरीचं नाव आलं, टाळ्याही पडल्या. नोकरी तिलाच मिळाली. स्टेजवर वॉचमनची मुलगी उभी केली, पेटीतल्या फ्रॉकमध्ये. फोटो मी नंतर पाहिला, खरंच छान आला होता.

रिक्षात दीपालीची आई एवढंच बोलली: “ताई, तुले नोकरी भेटती. आम्हनं काय जात व्हतं?”

तिनं पोर पुन्हा ओट्यावर पाठवली नाही. आता दीपाली आईसोबत टिकल्या चिकटवते. हात फार झरझर चालतो म्हणे.

गेल्या महिन्यात त्याच कॉलेजची नवी बॅच विहारापाशी आली. एका हातात बिस्किटांचे पुडे, दुसऱ्यात मोबाइल. मी पायरीवर आडवी उभी राहिले, कमरेवर हात, खाष्ट सासूसारखी.

“शिकवायचं असेल तर वर या. मोबाइल खिशात.”

कुणी वर आलं नाही. बिस्किटंही परत गेली. त्यावरून काही पोरं रुसली आणि यायची थांबली.

आता चारच उरलीत. तीही जातील बहुतेक. जाऊ देत. ओटा रिकामा पडला तरी मी रोज तिथं बसेन. माझं एकही पोर कुणाला दाखवायला काढणार नाही.