परैवाल्याची शाल

मुलीच्या कार्यक्रमाला सभेने पहिल्याच फोनवर होकार दिला, तेव्हाच मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. चेन्नईतल्या सभा म्हणजे शास्त्रीय संगीताच्या सोवळ्यातल्या संस्था. आणि आमची कन्या तिथे तंजावरी मराठी कीर्तनातल्या साक्या परैच्या साथीने गाणार होती. परै म्हणजे इथे प्रेतयात्रेपुढे वाजतो तो गाईच्या कातड्याचा डफ. आमच्या हॉलमध्ये सराव चालायचा तेव्हा खालच्या मजल्यावरचे विचारायला यायचे, कोण गेलं म्हणून.

परै वाजवणारा अंबत्तूरच्या कारखान्यात फिटर. मुलीचं म्हणणं एकच: त्याने त्याच मंचावर शेजारी वाजवावं आणि तिच्याइतकाच मान घ्यावा.

"आई, तुला मेलं सगळ्यांचंच वाकडं दिसतं," ती म्हणाली.

दिसतं खरं. मी तासभर आधी जाऊन मंच बघून आले. त्याचा माइक होता, फलकावर त्याचं नाव होतं, सभेच्या सेक्रेटरींनी तर त्याला स्वतः कॉफी विचारली. सगळं इतकं सुरळीत पाहून मी जास्तच धास्तावले.

कार्यक्रम झकास झाला. पुढची रांग एरंडेल प्यायल्यासारखी बसून होती, पण मागचे लोक शेवटी उठून उभे राहिले. मला रडू आलं.

मग सत्कार. रिवाज असा की सेक्रेटरी स्वतः प्रत्येक कलाकाराच्या खांद्यावर शाल घालतात. मुलीला घातली. व्हायोलिनवाल्याला घातली, पाठही थोपटली. परैवाल्याची पाळी आली तशी त्यांनी मला मंचावर बोलावलं आणि शाल माझ्या हातात दिली.

"मामी," इथे वडीलधाऱ्या बायकांना म्हणतात तसं ते म्हणाले, "हा तुमच्या घरचाच मुलगा. तुम्हीच घाला ना."

किती गोड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाल त्यांच्या हातात परत ठेवली आणि माइकवर तमिळमध्ये म्हटलं, "सभेचा मान सभेच्याच हातून शोभतो." मागून टाळ्या पडल्या. आता सुटका नव्हती. त्याने मान वाकवली, त्यांनी शाल घातली, फोटो निघाला.

परतताना गाडीत मुलगी हवेत होती. "शेवटी घातली की नाही त्यांनी?"

तो मागे बसून शालीची घडी करत होता.

"घातली कुठे? वीतभर वरून सोडली," तो म्हणाला. "आमच्या गावात आम्हाला पाणी असंच ओततात."