बाकावरची गादी

"मीठ किती वं आज?" दवाखान्याचा उंबरा ओलांडतानाच मावशी डावा हात पुढे करत. उजव्या हाताला सुई लावू देत नसत. "तो पोटापाण्याचा हात आहे," म्हणत.

मावशी ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात ब्लाउज शिवत, एकट्या राहत. मनाच्या आजारावर त्यांना लिथियम सुरू होतं. हे औषध म्हणजे एक क्षारच. रक्तात कमी पडलं तर आजार उसळतो, जास्त झालं तर विषबाधा. मी दवाखान्यात रक्त घेणारी. समजावताना मिठाचं उदाहरण दिलं, आणि ते कायमचं गळ्यात पडलं.

औषध सुरू होण्याआधी एकदा आजाराच्या भरात त्यांनी गिऱ्हाइकांच्या सगळ्या ब्लाउजपिसांची झबली शिवून पाऱ्यातल्या पोरांना वाटली होती. "काय शोभून राहिले होते पोट्टे!" हे त्या अजून खुशीत सांगत. भाऊ-भावजयीनं तेव्हापासून येणं-जाणं तोडलं, ते मात्र सांगत नसत.

पूर्वी रक्त सदर बाजारातल्या लॅबमध्ये जाई, रिपोर्ट संध्याकाळी येई. तोवर मावशी आमच्या बाकावर बसून हूक लावत, पेशंटांना धीर देत आणि माझ्या लग्नाची काळजी करत. बाक टोचतो म्हणून चिंध्यांची गादीही त्यांनीच शिवून आणली. दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील; दवाखान्यात त्यांच्यामुळेच जरा घरासारखं वाटतं.

मग चौबे कॉलनीतल्या आमच्या दवाखान्यात रक्तातलं लिथियम मोजणारं एक छोटं यंत्र आलं. बोटातून एक थेंब घ्यायचा, चहा निवायच्या आत आकडा समोर. आम्ही हरखलो. मावशी यंत्राकडे बघत राहिल्या.

"झालं? आता जाऊ?"

पुढच्या खेपेला आकडा जास्त आला. डॉक्टर म्हणाले, उद्या परत या. दुसऱ्या दिवशीही जास्तच. डॉक्टर डोस कमी करायला निघाले. डोस घटला तर तो जुना आजार परत उसळणार. तपासणीच्या सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, नाहीतर आकडा उगाच फुगतो, हा नियम मावशींना पाठ होता. मी त्यांना बाजूला घेतलं.

"मावशी, गोळी घेऊन आलात काय?"

"हव."

"काहून?"

"जास्त आलं तं उद्या ये म्हणता न तुम्ही."

मी रागावले, आणि मला रडूही आलं. "मावशी, तुम्ही अशाच येत जा न!"

"काम नसताना दवाखान्यात कोन येते वं?"

त्यानंतर त्यांनी नियम पाळला आणि आकडा बरोबर येऊ लागला. डॉक्टर खूश झाले. आता तीन महिन्यांनी या, म्हणाले.

दारात चप्पल घालताना मावशी म्हणाल्या, "चांगलं आलं तं घरी धाडता." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

तीन महिन्यांनी त्या आल्या नाहीत. मी फोन लावला, तो त्याच भावाच्या मुलानं उचलला; इकडची नवी पिढी हिंदीतच बोलते. "बुआ नहीं रहीं, दीदी. नींद में ही गईं. पड़ोसवालों को भी दूसरे दिन पता चला."

गादी अजून बाकावर आहे. मी ती धुते, उन्हात घालते, परत ठेवते. तिच्यावर कोणी बसत नाही. आता आमच्याकडे कोणाला थांबावंच लागत नाही.