पीपी सरांची धून

पीपी सर गेम लावायचे आणि खेळायचे नाहीत. पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडून मरायचा, पुन्हा उभा राहायचा, पुन्हा मरायचा. सर डोळे मिटून नुसतं संगीत ऐकत बसायचे. नेपियर टाउन मोहल्ल्यातल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायला होते. कॉम्प्युटरच्या पोटातल्या बारक्या स्पीकरच्या पी-पी आवाजावरून पोरांनी त्यांना 'पीपी' हे नाव ठेवलं होतं.

टेलिफोन खात्यातून थकून बाहेर पडलेला माणूस. तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत बेंजो वाजवलेला, म्हणून कान तयार. क्लासात तीन तऱ्हेची मशीन होती आणि एकच गेम तिन्हींवर वेगळा वाजायचा. टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरमधून तीन स्वर एकदम निघायचे. साध्या पीसीचा स्पीकर एका वेळी एकच स्वर काढायचा. साउंड कार्डवाल्या नव्या पीसीत स्वर पुष्कळ, पण पितळी ताटावर चमचा आपटल्यासारखे. सर म्हणायचे, "तीन घरचे तीन गवई आहेत हे. एकाचं गाणं दुसऱ्याच्या गळ्यात नाही बसत."

इंदूरचा एक माणूस शाळांसाठी टायपिंगचा गेम बनवत होता. त्याने सरांकडे धून मागितली. सरांनी ती तिन्ही मशीनसाठी वेगवेगळी बांधली. अख्खा उन्हाळा दुपारी कूलरसमोर बसून तेच काम. साध्या पीसीसाठी ते सूर इतके भरभर एकामागून एक सोडायचे, की कानाला सगळे एकदमच वाजताहेत असं वाटायचं.

"सर, काहून एवढा जीव काढून राहिले?" मी एकदा म्हटलं. "गेम तर टायपिंगचा आहे."

"एखादी पोरगी हळू टाइप करते, चुकते, पुन्हा करते. तोवर तिला कोणाची सोबत नको का?"

गेम तयार होऊन आला. सरांनी लावला. तिन्ही मशीनवर शांतता. त्यांनी इंदूरला फोन केला, ऐकून घेतलं, "अच्छा, अच्छा" म्हणत ठेवून दिला.

"शाळावाले म्हणते, वर्गात आवाज नको. त्यानं काढून टाकलं."

"मग आता?"

"आता काय. चलो, बॅच आली."

ते फळ्याकडे गेले आणि नेहमीसारखं शिकवायला लागले. त्यानंतर त्यांनी गेम लावलेला मी पाहिला नाही. पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, बॅचा रिकाम्या जायला लागल्या. सरांच्या घरच्या काकू वारल्यावर तर सर क्लासची फीही मागेनासे झाले. शेवटी कुलूप लावून ते मुलीकडे नागपूरला गेले.

एकदा मी त्यांना भेटायला गेले. नात मोठ्या टीव्हीवर गेम खेळत होती. त्यात सतार, व्हायोलिन, ढोल, सगळं अगदी खरंखुरं वाजत होतं.

"कसं वाटतं, सर?"

बराच वेळ ते ऐकत राहिले. "चांगलं आहे. सगळं आहे त्यात. आपल्याला काही करायचं उरलंच नाही."

मग नातीला आवाज कमी करायला सांगून त्यांनी मान मागे टेकली. चहा येईपर्यंत त्यांना झोप लागली होती. मी त्यांचा कप झाकून ठेवला आणि न उठवता निघाले. ती आमची शेवटची भेट.