फॉर्ममधली खर्ऱ्याची ओळ

"सेठजी, तीन बोटं उभी एकावर एक धरा आणि तोंडात घाला. माझी नाही, तुमची."

किशोरसेठ छातीएवढ्या पाण्यात उभे होते. पाठीवर टाकी, कपाळावर मास्क. गोंदियातल्या एका स्विमिंग टँकवर सकाळी सातची वेळ मी मागून घेतली होती. टाक्या आदल्या दिवशी नागपूरहून भरून आणल्या होत्या.

"ये कौन सा नया योगा है मॅडम?" सेठजी म्हणाले. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी ईशा हसली.

सेठजींनी बोटं वर नेली. पहिलं गेलं. दुसरं अर्ध्यावर दातांना अडकलं. तिसऱ्याचा प्रश्नच आला नाही.

ईशाचं हसू गेलं.

मी इटियाडोह धरणाच्या कालव्यावरच्या एका गावची. वडील दुसऱ्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, ठेक्यानं करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, मग अंदमानात आठ वर्षं स्कूबा डाइव्ह इन्स्ट्रक्टर होते. हे मी लपवत नाही आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. दोन वर्षांपूर्वी परत आले आणि गोंदियाच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत लागले. मालक बिसेनभाऊ. त्यांनी बोर्डावर मोठ्या अक्षरात 'आमच्याकडे डाइव्हिंग एक्स्पर्ट' असं लिहून घेतलं. त्या एक्स्पर्टचं ऐकायचंही असतं, हे मात्र कुठं लिहिलेलं नव्हतं.

किशोरसेठांची राइस मिल. घरचे आणि नातेवाईक मिळून सव्वीस जण सिंगापूरहून क्रूझवर जाणार होते. तिसऱ्या दिवशी जहाज थायलंडच्या एका बेटापाशी थांबणार होतं. जहाजाच्या टूरमध्ये नवशिक्यांसाठी डाइव्ह होती, पण ती सेठजींना नको होती. "वो बच्चों का खेल है. मेरे पास कार्ड है." कार्ड म्हणजे डाइव्हिंगचा कोर्स पास झाल्याचं ओळखपत्र. त्यांनी ते आठ वर्षांपूर्वी घेतलं होतं. ईशानं गेल्या हिवाळ्यात. ती बावीस वर्षांची, सगळ्या मिळून सहा डाइव्ह झालेल्या. दोघांना शोअर डाइव्ह करायची होती, तीही स्वतःची स्वतः.

शोअर डाइव्ह म्हणजे बोटीतून उडी न मारता किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. स्वतःची स्वतः म्हणजे सोबत गाइड नाही. दुकानातून टाक्या भाड्यानं घ्यायच्या आणि दोघांनी एकमेकांचे बडी व्हायचं. बडी म्हणजे पाण्याखालचा जोडीदार. काही झालं तर तोच तुमचा डॉक्टर, तोच तुमचा पोलीस. दुसरं कोणी येत नाही.

यात गैर काही नाही. नीट प्लॅन केली तर सुंदर गोष्ट आहे. मी प्लॅन करायला बसले. चार पानं झाली.

असा प्लॅन उलटा करायचा असतो, शेवटून सुरुवातीकडं. जहाज बेटाला टेकत नाही, दूर नांगर टाकतं, आणि माणसांची ने-आण छोट्या बोटी करतात. त्यांना टेंडर म्हणतात. शेवटचा टेंडर जहाजाच्या घड्याळात चारला. जहाजाचं घड्याळ सिंगापूरचं, बेटाचं एक तास मागे. मोबाइल बेटावर उतरताच आपोआप बेटाची वेळ दाखवायला लागतो. म्हणजे मोबाइलवर तीन वाजले की टेंडर गेला. जहाजाच्या टूरवर गेलात तर उशीर झाला तरी जहाज वाट पाहतं. स्वतः गेलात तर पाहत नाही. म्हणून दीड तास राखीव. मग टॅक्सी, मग सामान धुऊन परत देणं. असं मागे मागे येत पाण्याबाहेर निघायची वेळ ठरली, बेटाच्या घड्याळात दुपारचे बारा. डाइव्ह एकच. खोली बारा मीटर. हवेचे तीन हिस्से: एक जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही.

"दो डाइव्ह नहीं हो सकते?" सेठजींनी फोनवर विचारलं होतं.

"होतील. पण मग सिंगापूरला विमानानं या."

तेव्हा ते हसले होते. तोवर आमचं बरं चाललं होतं.

प्लॅनच्या शेवटी मी एक अट टाकली होती. निघण्याआधी गोंदियातच एक उजळणी, टँकमध्ये. बिसेनभाऊ म्हणाले, "अवो मॅडम, कायले ताण घेऊन राहिल्या? कार्ड आहे न त्याच्यापाशी." मी ऐकलं नाही. कार्ड लाइफटाइमचं असतं. माणूस नसतो.

तर त्या सकाळी टँकमध्ये.

पाण्याखाली आपण रेग्युलेटरमधून श्वास घेतो. त्याचा रबरी तुकडा दातांत धरायचा आणि ओठांनी तो गच्च बंद करायचा. जोडीदाराची लाथ लागून कधीकधी तो तोंडातून निघतो. घाबरायचं नाही. थोडे बुडबुडे सोडत राहायचं, नळी शोधायची, तुकडा तोंडात घालायचा, बटण दाबून पाणी बाहेर फेकायचं, श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी शिकवतात. पाच सेकंदांचं काम.

सेठजी गुडघ्यावर बसले, डोकं पाण्याखाली. मी खूण केली. त्यांनी रेग्युलेटर काढला. काढणं चटकन झालं. मग घालायला लागले तर तो जाईना. एक कोपरा घुसवला, दुसरा हातानं ढकलला. गेला, पण ओठ मिटेनात. गाल ताठ, पुठ्ठ्यासारखे. बाजूनं पाणी आत. मी आकडे मोजत होते. अठराला ते धडपडून उभे राहिले आणि खोकायला लागले.

टँक साडेचार फूट होता, म्हणून उभे राहिले. बारा मीटरवर उभं राहायला जागा नसते.

"पानी गलत घुस गया," सेठजी म्हणाले. "फिर से करते हैं."

परत केलं. बावीस सेकंद. मग म्हटलं, नुसतं तोंडात धरून बसा, काढू नका. आठव्या मिनिटाला जबडा थकला आणि तुकडा आपोआप बाहेर आला. तेव्हा मी ती तीन बोटं घालायला सांगितली. निरोगी तोंडात तीन मावतात.

"खर्रा किती खाता?"

"शौक से कभी-कभी."

"दिवसाला सात," ईशा म्हणाली. "आठवा मम्मीला न सांगता."

खर्रा आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटून घोटून केलेला. वर्षानुवर्षं खाल्लं की गालाच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड हळूहळू बंद होत जातं. इतकं हळू की ज्याचं त्याला कळत नाही. तो पोळीचा घास लहान करतो, तिखट सोडतो, आणि म्हणतो वय झालं. दातांचे डॉक्टर याला लांबलचक नाव देतात. आमच्या गावात अशी दहा तरी माणसं मी मोजून दाखवीन. कोणी त्याला आजार म्हणत नाही.

मला तेव्हा राग आला नव्हता. माणूस आहे, सवय आहे. राग ऑफिसात आल्यावर आला.

डाइव्हला जाणाऱ्या प्रत्येकाकडून तब्येतीचा फॉर्म भरून घेतो. अंदमानच्या फॉर्मात दमा, हृदय, कान, सगळं होतं. गोंदियासाठी मी त्यात स्वतःची एक ओळ घातली होती: 'खर्रा, गुटखा, तंबाखू घेता का? किती?' सेठजींचा फॉर्म काढून पाहिला. त्या ओळीपुढं 'नाही'. तब्येतीच्या सगळ्याच प्रश्नांपुढं 'नाही'. अक्षर सेठजींचं नव्हतं. हे अक्षर मी रोज ऑफिसच्या पावत्यांवर पाहते.

"भाऊ, हा फॉर्म तुम्ही भरला?"

"सेठ गडबडीत होते. मी म्हटलं, मीच भरून देतो."

"खर्ऱ्याच्या ओळीपुढं नाही कसं लिहिलं? तुम्ही दोघं एकाच टपरीवर उभे राहता!"

"आता मॅडम, कायच्या कायले विचारता. खर्रा कोण लिहिते फॉर्मवर? सगळेच खाऊन राहिले. ते काय बिमारी आहे?"

"त्या माणसाला पाण्याखाली रेग्युलेटर तोंडात घालता येत नाही. आणि त्याची बडी त्याची पोरगी आहे. सहा डाइव्हची पोरगी."

"फॉर्म आहे न आपल्यापाशी? काही झालं तर आपण सुटलो."

मी आठ वर्षांत लोकांना पाण्यातून ओढून काढलं आहे. एवढा संताप मला कधी आला नव्हता. आपण सुटलो म्हणे! बुडणाऱ्याचं काय?

मी प्लॅनची चार पानं उचलली आणि म्हटलं, सेठजी पाण्यात उतरणार असतील तर यावर माझी सही नाही, आणि हा कागद बाहेर जाणार नाही.

"मग सव्वीस लोक नागपूरच्या एजंटकडे जातील. अन् तुम्ही घरी."

"जाईन."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सेठजी स्वतः आले, सोबत ईशा. बिसेनभाऊंनी चहा मागवला. सेठजी माझ्याकडं न बघता त्यांच्याशीच बोलत होते.

"भाऊ, पंधरा-बीस मिनट पानी में रहेंगे. इतना हंगामा?" मग माझ्याकडं वळले. "मॅडम, आपके गाँव का धान किसकी मिल पर आता है, मालूम है ना?"

"माहीत आहे."

"आपके पिताजी का भी?"

"त्यांचंही."

बस, एवढंच बोलले. पुढचं बोलायची गरज नसते. मी शिकले नसते तर कदाचित मानही खाली घातली असती. आदल्या रात्रीच जेवताना वडिलांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "जिल्ह्यात मिल का एकच आहे? दुसरीकडे नेऊन टाकीन. तू तुहं बरोबर सांग." त्यांना डाइव्हिंगमधलं काही कळत नाही. पण बरोबर कळतं.

मी सेठजींना म्हटलं, "धान घ्या नाहीतर नका घेऊ. तुमचं तोंड दीड बोट उघडतं. मी सही करणार नाही. दातांच्या डॉक्टरकडं जा, इलाज करा, मी स्वतः तुम्हाला घेऊन उतरते. यावेळी नाही."

"डाइव्ह मुझे करनी है या आपको?"

"तुम्हाला एकट्याला करायची असती तर वेगळं होतं," मी म्हटलं. "बडी कोण आहे?"

बिसेनभाऊ चहाचे कप उगाच सरकवत होते. ईशा इतका वेळ मोबाइलमध्ये बघत होती. तिनं तो उलटा ठेवला.

"मॅडम, खाली असताना पापांचा रेग्युलेटर निघाला, आणि परत गेलाच नाही, तर मी काय करायचं?"

"तुझ्याजवळचा जास्तीचा रेग्युलेटर द्यायचा."

"तोही त्यांच्या तोंडात जाणार नाही."

"नाही."

"मग?"

"मग त्यांना धरून वर यायचं. ते घाबरलेले असतील. ओढतील तुला. तुझं वजन किती?"

"पन्नास."

"त्यांचं ब्याण्णव. फॉर्मवर आहे. तेवढं खरं लिहिलंय."

बिसेनभाऊंनी खाली मान घातली.

ईशा वडिलांकडं वळली. आवाज चढवला नाही. "पापा, काल मी पण मोजत होते. अठरा आणि बावीस. मी तुमच्यासोबत नाही उतरत."

"अरे, पागल है क्या? अपने बाप पे भरोसा नहीं?"

"बापावर आहे. खर्ऱ्यावर नाही."

सेठजी उठले आणि चहा तसाच ठेवून गेले. पण बडीशिवाय कुठलं दुकान टाकी देत नाही, हे कार्डवाल्या माणसाला माहीत होतं. तिथं वाद संपला.

सव्वीसच्या सव्वीस जण आमच्याकडूनच गेले. माझ्याच प्लॅननं ईशानं त्या बेटावर डाइव्ह केली. फरक एवढाच, की मी तिथल्या दुकानातून तिला एक गाइड ठरवून दिली होती. एक्केचाळीस मिनिटं, अकरा मीटर. बाराच्या आत पाण्याबाहेर. तिनं मला एका कासवाचा फोटो पाठवला. सेठजी किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसले होते, तोही फोटो पाठवला. तोंड फुगवलेलं होतं. जेवढं फुगत होतं तेवढं.

परत आल्यावर ईशानं त्यांना दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी मिलिमीटरमध्ये मोजून लिहून दिलं आणि खर्रा बंद करायला सांगितला. आता ते चार खातात. चार हे ईशाचं मोजमाप आहे, म्हणजे पाच असतील. मला रस्त्यात दिसले तर ते गाडीची काच वर करतात. शहरात सांगतात, त्या बाईनं माझी ट्रिप खराब केली. माझ्या बापाचं धान मात्र त्यांच्याच मिलवर जातं आहे. वजनात काही खोट केलेली नाही, हे खरं बोलायला पाहिजे.

बिसेनभाऊंनी मला काढलं नाही. उलट ईशाचा कासवाचा फोटो ऑफिसच्या फेसबुक पेजवर टाकला, 'आमच्या एक्स्पर्टच्या सुरक्षित नियोजनात'. आणि त्याच आठवड्यात नवीन फॉर्म छापून आणले. मी गठ्ठा उघडून पाहिला. दमा होता, हृदय होतं, कान होते. खर्ऱ्याची ओळ नव्हती.

"भाऊ?"

"गिऱ्हाईक बिचकते, मॅडम. आपल्याकडे ते विचारलं तर कोण पास होईल?"

मी पेन घेतला आणि दोनशे फॉर्मवर ती ओळ हातानं लिहिली. दोन दिवस लागले. या कामात मी एक गोष्ट शिकले: जो धोका सगळ्या गावाला आहे, तो विचारायची गावालाच लाज वाटते. म्हणून तो आधी विचारायचा. आणि उत्तर ज्याचं त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं.